पूर्ण सतर्क

आमच्या ह्यांच्या पापण्या जन्मापासून अर्ध्या मिटलेल्या आहेत. आजार नाही, आळस नाही, आणि बाटलीचं म्हणाल तर हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवतो. सासूबाईंच्या पापण्या अगदी अशाच आहेत, त्यामुळे दोष द्यायचाच तर त्या घराण्याला द्यावा. हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझे वडील स्वयंपाकघरात येऊन आईच्या कानात म्हणाले, "मुलगा बरा वाटतो, पण मी बोलत होतो आणि तो चक्क झोपला होता." हे झोपले नव्हते. वडिलांनी मारलेल्या सगळ्या थापा ह्यांनी नीट ऐकल्या होत्या आणि लग्नानंतर मला एकेक करून सांगितल्या.

अशा माणसानं शहर बसवर ड्रायव्हरची नोकरी धरली. शाळेतल्या मास्तरांपासून न्हाव्यापर्यंत प्रत्येकानं ह्यांना कधी ना कधी खांद्याला धरून हलवलंय आणि प्रत्येकाला ह्यांनी एकच उत्तर दिलंय, "जागा आहे." डेपोत ह्यांचं नाव 'ध्यानस्थ'. पण इतक्या वर्षांत ह्यांनी कुठे आरसा घासला नाही की कुणाच्या पायावर चाक नेलं नाही, त्यामुळे थट्टा थट्टेपुरतीच राहिली. बस म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. घरात एक खुर्ची सरळ ठेवायचे नाहीत, पण थांब्याला बस अशी लावतील की गुडघेदुखीच्या माणसालासुद्धा पाय उचलल्यासारखं वाटू नये.

मग कॅमेरा आला.

फोनएवढीच काळी डबी, स्टिअरिंगच्या समोर काचेखाली बसवलेली. ती दिवसभर ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघते. डोळे मिटायला लागले की आतली बाई गोड आवाजात म्हणते, "चालक, आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्या." ही बाई कोण, कुठली, देव जाणे. पण परक्या बाईनं माझ्या नवऱ्याला दिवसभर विश्रांती घ्या म्हणायचं आणि घरी आल्यावर मी त्यांना पाण्याचा कॅन उचलायला लावायचा, म्हणजे वाईट मीच.

पहिल्याच दिवशी बाईनं डेपोच्या फाटकापासून जे सुरू केलं, ते शेवटच्या थांब्यापर्यंत थांबवलं नाही. मागे बसलेल्या लोकांना सगळं ऐकू जायचं. एक आजोबा उठून आले आणि ह्यांच्या तोंडात लवंग कोंबून गेले. दोन बायका ह्यांच्या मागच्या सीटवर बसून, ड्रायव्हर जागा राहावा म्हणून, आपापल्या सुनांबद्दल मोठ्यानं बोलत राहिल्या. एकानं मानेवर गार पाणी शिंपडलं. हे सगळ्यांना "जागा आहे, जागा आहे" म्हणत राहिले आणि ती बाई विश्रांती घ्या म्हणत राहिली.

त्यात भर म्हणजे तिकिटाचं ॲप. पूर्वी लोक ड्रायव्हरचं तोंडही बघत नसत. आता बस यायच्या आधीच फोनवर दिसायला लागलं, 'चालकाची सतर्कता', आणि पुढे तारे. ह्यांना एक तारा, तोही बहुतेक शून्य द्यायची सोय नसावी म्हणून. थांब्यावर माणसं उभी असायची, बस यायची, माणसं फोनकडे बघायची आणि मागे सरकायची. एवढी मोठी बस थांब्याला केसाचंही अंतर न ठेवता लावायची, दार उघडायचं आणि आत कुणी चढायचं नाही. त्या दिवसांत हे घरी आले की जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "भूक नाही." माझा जीव तुटायचा आणि जीव तुटला की मी भांडी आपटते, तो माझा स्वभावच आहे.

महिनाअखेरपर्यंत तारे वाढले नाहीत तर चाकावरून उतरवणार, असं ह्यांच्या फोनवर आलं. चाकावरून उतरलेल्या ड्रायव्हरला धुलाईच्या शेडमध्ये बसवतात. दुसऱ्यांनी चालवलेल्या बस आत येताना बघायच्या आणि पाण्याचा नळ सोडायचा. ह्यांना हे करायला लावणं म्हणजे काय, ते मला विचारा.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं की नजर उत्तम, पापणी जन्मजात. ते घेऊन मी डेपोच्या मॅनेजरबाईंची वाट बघत बसले. वाट बघत म्हणजे काय, त्या माझ्याच पार्लरमध्ये भुवया करायला येतात. आमच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे, एक खुर्ची आणि एक मोठा आरसा. मॅनेजरबाई तशा गुणी पोर, वयानं लहान, बोलायला गोड. मी त्यांना खुर्चीत मागे रेलवलं आणि दोरा भुवईला लावून विषय काढला. माझ्या हातात दोरा असताना माणसं सहसा खोटं बोलत नाहीत.

"मला माहितीये हो काकू, ते जागे असतात," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आमच्या डेपोत त्यांच्यासारखा ड्रायव्हर नाही. पण सिस्टीममध्ये पापणीचा कॉलमच नाही."

"मग कॉलम घाला."

"तो कंपनी घालते. कंपनी दुसऱ्या देशात आहे. आई गं!"

"हलू नका. कंपनीला फोन करा."

"केला. तिथेही मशीनच उचलतं."

मी दुसरी भुवई करून त्यांना सोडलं. सर्टिफिकेट त्यांनी पर्समध्ये ठेवलं, नाही असं नाही.

आरशासमोर एकटी उभी राहून मी सामान आवरत होते तेव्हा ती पट्टी हाताला लागली. लग्नाच्या मेकअपमध्ये एखादीचे डोळे बारीक असले की आम्ही पापणीला ही पारदर्शक पट्टी लावतो. नखाच्या कडेएवढी असते. पापणी वर उचलून धरते, डोळे टपोरे दिसतात आणि जवळून बघितलं तरी कळत नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे डोळे उघडत होते आणि घरचा माणूस तसाच हिंडत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना खुर्चीत बसवलं. "अगं, मी काय नवरी आहे का?" असं एकदा म्हणाले, पण बसले. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या लावल्या आणि आरसा समोर धरला. आरशात एक वेगळाच माणूस होता. टकटकीत डोळ्यांचा, एखादी आनंदाची बातमी आत्ताच ऐकल्यासारखा. सासूबाई बाहेर आल्या, लेकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय रे, एवढा घाबरलास कशाला?"

त्या दिवशी ती बाई एक अवाक्षर बोलली नाही. संध्याकाळी फोनवर पाच तारे आणि खाली लिहिलेलं, 'पूर्ण सतर्क'.

मी शपथेवर सांगते, लग्नाच्या दिवशीही ह्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं. फोन घेऊन शेजारी गेले, किराणावाल्याकडे गेले, माझ्या वडिलांना मुद्दाम त्याचा फोटो पाठवला. आयुष्यभर ज्याला जग झोपाळू म्हणत आलं, त्याला एका मशीननं लेखी दिलं होतं की हा जागा आहे. थांब्यावरची माणसं आता धावत येऊन बस पकडायची. एका बाईनं ह्यांच्यासोबत फोटो काढला. मीही काही कमी मिरवले नाही. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "आमचे हे पाच तारे" असं भुवई करता करता ऐकवलं.

आता गंमत अशी, की ड्यूट्या लावायचं कामही त्याच सिस्टीमकडे आहे. कोण थकलंय, कोण नाही, हे कॅमेऱ्यातून तिला कळतं. जो थकला त्याला विश्रांती आणि त्याची फेरी जो थकला नाही त्याला. कागदावर हे किती शहाणपणाचं वाटतं! डेपोतले बाकीचे ड्रायव्हर माणसासारखे थकायचे, जांभया द्यायचे, डोळे चोळायचे. ह्यांचे डोळे सकाळी जसे टपोरे तसेच संध्याकाळी टपोरे. मग काय, फोन टुणकन वाजायचा, 'जादा फेरी, स्वीकारा', आणि हे अंगठा दाबायचे. नाकारली तर तारा जातो म्हणे. पण खरं सांगू का, ताऱ्यांची भीती नंतरची. आधी ह्यांना त्या विचारण्याचाच अभिमान वाटायचा. "माझ्याशिवाय कुणी नाही त्यांच्याकडे," असं म्हणत बूट घालायचे.

सुटीच्या दिवशी फेरी आली. जेवताना आली. अंघोळीला गेले असताना आली तर सासूबाईंनीच 'स्वीकारा' दाबून टाकलं, का तर फोन वाजत होता.

हळूहळू माणूस उतरत गेला. घास हातात धरून बसायचे. चपला फ्रिजवर ठेवल्या आणि घरभर शोधल्या. डोळे लाल, कडेनं पाणी, मी थेंब आणून घालायचे आणि वरून नवी पट्टी लावायचे. "एक दिवस नाही म्हणा," मी म्हणायचे. "या आठवड्यापुरतं," हे म्हणायचे. मला काळजी वाटत होती, पण धुलाईच्या शेडपेक्षा हे बरं, असंही वाटत होतं.

त्या दिवशी दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे हे घरी आले. मी खुर्चीत बसवलं आणि सुटत आलेल्या पट्ट्या बदलल्या. मग त्यांच्या मागे उभी राहून ब्रश धुता धुता नणंदेचा विषय काढला. नणंदबाई महिनाभर राहायला येणार होत्या, त्यांचं ते कुत्रं घेऊन. मी म्हटलं, माणूस येऊ दे, कुत्रं नको, मागच्या वेळी त्यानं माझ्या गिऱ्हाइकाची पर्स चावली होती. हे आरशातून सरळ माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, तुम्हीच सांगा बहिणीला, मी सांगितलं तर मी वाईट. हे बघतच होते. मी म्हटलं, वा! बहिणीचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. तरी हे बघतायत. माझा पारा असा चढला की मी ब्रश बेसिनमध्ये फेकला.

ब्रशचा एवढा आवाज झाला, पण त्या डोळ्यांत काही हललं नाही. मी जवळ जाऊन वाकले. बारीक घोरण्याचा आवाज येत होता.

हा माणूस उघड्या डोळ्यांनी गाढ झोपला होता आणि मी, त्याची बायको, एवढा वेळ त्याच्याशी भांडत होते. मला कळलं नाही, तर त्या डबीला काय कळणार?

मी हलवलं तसे दचकले. "जागा आहे," म्हणाले.

"झोपला होतात तुम्ही."

"नाही गं."

"अहो, घोरत होतात! नणंदबाईंबद्दल मी काय बोलले सांगा."

मग अगदी हळू म्हणाले, "सगळ्या जगानं म्हटलं, तू कधी म्हणाली नव्हतीस." मला तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन टुणकन वाजला आणि मी काही म्हणायच्या आत ह्यांचा अंगठा पडला.

मी पट्टी काढायला हात पुढे केला तर ह्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले, लहान पोरासारखे. "ही काढलीस तर बस गेली माझी," म्हणाले. "एवढी फेरी होऊ दे." मी पार्लरला कुलूप लावलं आणि मुकाट्यानं त्यांच्यामागून गेले.

बस भरलेली होती. पाच ताऱ्यांची बस, भरणारच. मी ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभी राहिले आणि वरच्या आरशातून ह्यांचे डोळे बघायला लागले. पूर्वी किती सोपं होतं! पापणी अर्धी म्हणजे जागे, पूर्ण मिटली म्हणजे झोप. इतक्या वर्षांत मी कधी चुकले नाही. आता आरशात दोन टपोरे डोळे होते आणि त्यामागे कुणी आहे की नाही हे मला कळत नव्हतं. मागे सगळ्यांच्या माना फोनमध्ये, निर्धास्त. त्या अख्ख्या बसमध्ये घाम मला एकटीला फुटला होता.

"अहो," मी म्हटलं.

"हं."

थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, "अहो." पुन्हा "हं." एक थांबा गेला, दुसरा गेला. बस नेहमीसारखी अलगद लागत होती. मला वाटलं, मीच उगाच जिवाला घोर लावून घेतला.

पुढचा थांबा दिसायला लागला. तिथे एक माणूस शिडीवर चढून थांब्याच्या छताला नवी स्क्रीन बसवत होता, दातांत स्क्रू धरलेला, पाठ आमच्याकडे. कुणीतरी उतरायची बेल दाबली. बसचा वेग कमी झाला नाही. उलट बस हळूहळू कडेला सरकायला लागली, त्या शिडीच्या रोखानं.

"अहो!"

ह्या वेळी "हं" आलं नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडले आणि खांद्यावर असा रट्टा घातला की माझाच हात बधिर झाला. ह्यांचा पाय ब्रेकवर गेला. माणसं एकमेकांवर कोसळली, फोन सीटखाली घरंगळले. बस थांबली तेव्हा तिचा आरसा शिडीला टेकला होता. वरचा माणूस शिडी सोडून छताला लोंबकळत होता. मग खाली उतरला, फुटपाथवर बसला आणि दातांतला स्क्रू हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिला.

बसमध्ये लोकांनी आधी आपापले फोन शोधले. टाय लावलेल्या एकानं स्क्रीन पुसून बघितली. "पाच तारे आहेत," तो म्हणाला. "बाई, चांगल्या ड्रायव्हरला तुम्ही मारलंत कशाला?"

"चालकाशी बोलू नये, लिहिलंय ना तिथे?" मागून एक बाई म्हणाल्या. "माणूस एवढा सतर्क म्हणून वाचलो."

एकीनं तर ॲपमध्ये माझी तक्रारही करायला घेतली. माझा फोटो काढला तेव्हा मी रडत होते.

हे मागे वळले नाहीत. शिडीवाल्याकडे बघत होते. मग हात वर नेला, उजव्या पापणीची पट्टी चिमटीत धरली आणि ओढली. मग डावी. पापण्या खाली आल्या. डबीतली बाई लगेच बोलायला लागली आणि बस बघता बघता रिकामी झाली. टायवाला तर मागच्या दाराची वाट न बघता पुढूनच उतरला.

ह्यांनी डेपोला फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, मी झोपलो होतो."

"तुम्ही?" मॅनेजरबाई म्हणाल्या. "काहीतरीच काय! माझ्यासमोर आहे ना सगळं. त्या वेळेला पूर्ण सतर्क दाखवतंय. उलट वेळेवर ब्रेक मारला म्हणून अभिनंदनाचा मेसेज पाठवलाय सिस्टीमनं, बघा फोनवर." आला होता. बाजूला टाळ्या वाजवणारे दोन हात होते.

"पापण्यांना पट्टी लावली होती," हे म्हणाले. "म्हणून दिसलं नाही."

मग बाईंचा आवाज एकदम हलका झाला. "काका, हे मी लिहिलं तर उद्यापासून तुम्हाला चाक नाही. कायमचं. कुणाला लागलेलं नाही ना? मग मी हे ऐकलंच नाही. फेरी पूर्ण करा आणि घरी जा."

मी देवाशपथ सांगते, मला वाटलं हो म्हणावं. माझ्या ओठांवर आलं होतं. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते, अगदी हलके, झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवावेत तसे. बाहेर तो शिडीवाला अजून उठला नव्हता.

"नाही मॅडम," हे म्हणाले. "ऐका. आणि लिहा."

मग इंजिन बंद केलं. चावी काढून माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या हातानं बंद केली. "ही तुझ्याकडे राहू दे. डेपोतली माणसं येतील त्यांना दे. मी मागितली तरी मला देऊ नकोस." एवढं बोलून मागच्या लांब सीटवर जाऊन आडवे झाले आणि पाठ टेकते न टेकते तोच झोपले, पापण्या पूर्ण मिटून.

मी दाराच्या पायरीवर बसून राहिले. शिडीवाल्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. डेपोतली माणसं यायला पुष्कळ उशीर झाला, कारण सिस्टीममध्ये बस चालूच दिसत होती.

ती यायच्या आधीच ह्यांना जाग आली. उठले, तोंडावरून हात फिरवला, माझ्याजवळ आले आणि तळहात पुढे केला. "दे," म्हणाले, "नीट कडेला तरी लावतो. अर्धी रस्त्यात आहे."

खरंच अर्धी रस्त्यात होती. मी दिली नाही.